दारावरचं बियाणं

घरात खायला दाणा नसला तरी बियाण्याच्या मुडीला हात लावायचा नाही, हे मला लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं गेलं होतं. मुडी म्हणजे पेंढ्यात भात गुंडाळून वरून पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळलेलं गोल गाठोडं. ती माळ्यावर, चुलीच्या धुरात टांगलेली असते, म्हणजे कीड लागत नाही. इतकी वर्षं मी ते पाळलं. आणि एका मे महिन्यात तेच बियाणं आमच्याच खळ्यात, आमच्याच तांब्याच्या हंड्यात शिजून निघालं.

शिजवलं कोणी ते सांगते. पण आधी खाजणाचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढा आकांत का केला ते कळायचं नाही.

आमचं गाव खाडीला लागून. खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध आहे आणि बांधाच्या आत खाजण, म्हणजे जुन्या माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली शेती. बांधाला एक उघाडी असते, लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी अडवायचं. कितीही अडवा, खार मातीत उरतोच. तिथे एकच भात तग धरतं, त्याला आम्ही नुसतं 'खारं' म्हणतो. उंच वाढतं, लोंबीला ही लांब लांब कुसळं, तांदूळ तांबडा आणि शिजायला अर्धा दिवस खाणारा. उतारा कमी. दुकानातल्या बियाण्याशी त्याची काय बरोबरी! म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी हळूहळू ते सोडलं. कोणी खाजण पडीक टाकलं, कोणी नुसते वरचे कुणगे, म्हणजे उंचावरची भातखाचरं, लावायला लागलं, आणि जीव सगळ्यांचा आंब्यात.

आंब्याचं तर आता काही विचारूच नका. थंडी पडली न पडली तोच मोहोर येतो, त्यावर अवेळी पाऊस पडतो, आणि उरलेला उन्हाने करपतो. भाताचंही तेच. कापणीच्या वेळी आषाढासारखा पाऊस लागायला लागला. एका वर्षी वरच्या कुणग्यातलं भात आडवं झालं आणि लोंबीवरच दाण्यांना कोंब फुटले. मी विळा घेऊन शेताच्या मेरेवर उभी, आणि कापायचं काय तर कोंब! मला रडूच आलं. खाजणातलं खारं मात्र गुडघाभर पाण्यात ताठ उभं होतं. त्या वर्षी आम्ही तेच खाल्लं, शेजारच्या दोन घरांनीही तेच खाल्लं. तोवर मी त्या तांदळाला रोज नावं ठेवायचे. गॅस किती जळतो, दात किती दुखतात, सगळं ह्यांना ऐकवायचे. त्या वर्षापासून माझं तोंड त्या बाबतीत बंद झालं.

हे, म्हणजे आमचे यजमान. सगळी नोकरी लोट्याला केमिकल कंपनीत पाळ्या करण्यात गेली. शनिवारी घरी, सोमवारी पुन्हा लोटे. रिटायर झाले आणि खाजणाच्या मागे लागले. कंपनीत मशीनचे आवाज ऐकून नाडी ओळखायचे, तसे आता उघाडीच्या फळीला कान लावून बसतात. मी म्हणते, "तिच्याशीच लग्न करायचं होतंत." त्यावर नुसते हसतात. ह्या माणसाशी भांडण करायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

मग एका दिवाळीत, कापणी झाल्यावर, मोठं उधाण आलं आणि बांध एका जागी फुटला. खारं पाणी आत शिरलं. बांध सामाईक, त्यामुळे देवळात बैठक बसली. आमचे चुलतदीर, ह्यांचे दादा, वाडीतले मोठे. त्यांनी सरळच विचारलं, "खाजन करतंय कोन आता? तुमी एकटे. एकट्यासाठी अख्ख्या वाडीनं चिखलात उतरायचं काय?"

कोणीतरी मागून म्हणालं, जाऊ दे, खाडीचं खाडीला. दिरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मिरगात तुमचा तरवा दिसू दे. दिसला, तर भांगाच्या दिवसांत सगळे बांधाला येऊ. नाय दिसला, तर मग विषय संपला."

तरवा म्हणजे लावणीसाठी आधी तयार करतात ती रोपं. आणि भांग म्हणजे भरती लहान असते ते दिवस. बांधाचं काम तेव्हाच होतं. बोलणं वाजवीच होतं, मलाही त्यात खोट काढता आली नाही. "दिसेल," हे म्हणाले. बियाण्याची मुडी माळ्यावर होती, मग दिसायला काय हरकत? एक पावसाळा बांध उघडा राहिला असता तर रोजच्या भरतीने खाजण धुऊन नेलं असतं, आणि एकदा तिथे चिपीची खारफुटी उगवली की मग कसलं भात! आमच्या घराचा वर्षाचा तांदूळ त्या एका मुडीवर होता.

मे महिन्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, डोंबिवलीला असतात. मिस्टर गेल्यापासून मे महिना माहेरी काढतात. स्वभावाने सोनं, पण हाताला खाज. गप्प म्हणून बसायचं नाही. आल्या दिवसापासून त्यांचं एकच, "वैनी, या खेपेला मला उकड्या तांदळाची पेज पोटभर घाल गो. तिकडच्या पेजेला चव नाय." मी म्हटलं, घालू की. या आठवड्यात भात उकडायचंच आहे. उकडा तांदूळ करायचा तर भात गरम पाण्यात घालून सालीसकट हंड्यात दोन वाफा देतात, वाळवतात आणि गिरणीत नेतात. म्हणून मी हंडा घासून खळ्याच्या कोपऱ्यात चुलवणावर ठेवला होता.

नेमकं त्याच दिवशी आम्हा दोघांना पालीच्या बाजाराला जायचं होतं. पावसाळ्याची बेगमी, मिरच्या, कांदे, सुकी मासळी. पेरणीआधी बियाण्याला ऊन दाखवायचं असतं, म्हणून जाण्याआधी ह्यांनी मुडी सोडून, खळ्यात तळवट अंथरून त्यावर भात पसरलं. वन्संना म्हणाले, "भात टाकलंय, जरा चिमण्या बघ." आणि आम्ही निघालो.

परत येताना गाडीरस्त्यावरच मला वास आला. उकडत्या भाताचा वास कोणाला कळत नाही! मी म्हटलं, "कोणाकडे तरी भात उकडलंय वाटतं." ह्यांची चाल वाढली.

खळ्यात वन्सं पदर खोचून, घामाने निथळत उभ्या. तोंडभर हसू. "बघ गो वैनी, तुझं काम हातावेगळं करून ठेवलंय. दोन वाफा दिल्या. आता नुसतं वाळवायचं नि गिरणीत न्यायचं."

तळवट रिकामा होता. हंड्यातून वाफ निघत होती. ह्यांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसले.

मी मात्र बसले नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो वन्सं, बियाणं होतं ते! बियाणं!" इथपर्यंत ठीक होतं. पण माझा तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही. मुंबईने अक्कल खाल्ली काय, माहेरी येता ते माहेर बुडवायला काय, काय काय बोलले. दोन घरं पलीकडे ऐकू गेलं असेल. वन्सं हातात कालथा घेऊन तशाच उभ्या. शेवटी हे म्हणाले, "बस कर गो. ती पण याच घरची हाय." तेव्हा कुठे मी थांबले.

वन्संनी त्या रात्री जेवण घेतलं नाही. सकाळी पाहिलं तर बॅग भरलेली. निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबांनी जपलं, भावानं जपलं, आणि मी उकडलं." मी पुढे होऊन हात धरायला हवा होता. नाही धरला. राग अजून गेला नव्हता, खोटं कशाला बोलू?

उकडलेलं भात वाळवलं, गिरणीतून तांदूळ आणून पत्र्याच्या डब्यात भरला आणि झाकण लावलं. त्यातला एक दाणा मी रांधला नाही. हात होईना.

हे आठवडाभर खारं शोधत फिरले. खाडीकाठची गावं पालथी घातली. थेट केळशीपर्यंत ओळखीच्यांना फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, होतं हो पूर्वी, आता कोण लावतंय! तालुक्याला दुसरं बियाणं मिळत होतं, पण ते आमच्या खाजणात टिकेल की नाही हे छातीवर हात ठेवून सांगायला कोणी तयार नव्हतं. एका संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना म्हणाले, "उद्या दादाकडे जाऊन सांगतो, बांधाचं राहू दे म्हणून." एवढा मोठा माणूस, पण आवाज असा की मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. दाराच्या चौकटीवर एक चिमणी टोचा मारत होती, नि कोंडा खाली माझ्या सुपात पडत होता. मी तिला हाड हाड करायला मान वर केली आणि तशीच राहिले. चिमणी आमचं नवं खात होती.

नवं आमच्याकडे नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, सगळ्याची जुडी करून दाराला, देवघराला, विहिरीला, गोठ्याला, गाडीला बांधायची. ती वर्षभर तिथेच राहते. आणि आमच्या घरच्या नव्यात लोंब्या असायच्या त्या खाऱ्याच्या! कुसळांनी जुडी शोभून दिसते, म्हणून हे दरवर्षी खाऱ्याच्या लोंब्यांचा भारा कापून अख्ख्या वाडीला वाटायचे. मी ओरडले, "अहो, बाहेर या! आधी बाहेर या!" हे दाढीचा फेस घेऊनच धावत आले. त्यांना वाटलं, साप.

पण जुनं नवं नवीन बांधेपर्यंत उतरवत नाहीत. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. मी हात वर केला आणि मागे घेतला. हे म्हणाले, "जातेय कुठं ती? शेतातच चाललीय." मला पटलं. तरी देवापाशी दिवा लावला, हात जोडले आणि मग उतरवलं.

दार, देवघर, विहिरीचा पंप, रिकामा गोठा, स्कूटर, जिथे जिथे बांधलं होतं तिथून सोडून आणलं आणि तळहातावर चोळलं. निम्मं चिमण्यांनी आधीच संपवलेलं. एक वाटी काही भरेना. मग मी सूप घेऊन वाडीत निघाले. लाज कसली त्यात? आपल्याच लोंब्या. चुलतदिरांकडे जाऊबाई म्हणाल्या, "अगो, ऐन पावसाच्या तोंडावर दारावरची लक्ष्मी देऊ?" मी म्हटलं, दाराची नको, गोठ्याची द्या. त्यांनी गोठ्याची दिली. कोणी खुशीने दिली, कोणी तोंड वाकडं करून. लोट्याला कंपनीच्या बसच्या आरशाला हे दरवर्षी नवं बांधायचे. रिटायर झाले तरी ड्रायव्हर मागून न्यायचा. ह्यांनी त्याला फोन केला, तर तो स्वतः रविवारी घेऊन आला, कागदात गुंडाळून, प्रसादासारखं. ठाण्याहून लेकीने आपल्या दाराचं पाठवलं. तरीही सगळं मिळून खाजणाच्या एका कोपऱ्यापुरतं होईल एवढंच.

वन्संना मी फोन केला नाही. ह्यांनीही केला नाही.

आणि दोन-तीन दिवसांनी मुंबईच्या गाडीवरून पार्सल आलं. स्टीलचा मोठा डबा, वर फडकं बांधलेलं, नाव ह्यांचं. उघडला तर काठोकाठ खारं, साफ केलेलं, पाखडलेलं, कुसळंसुद्धा वेगळी काढलेली. लेकीने आत्याला सगळं सांगितलं होतं. वन्सं दरवर्षी पुनवेनंतर इथून लोंब्या नेतात हे मला ठाऊक होतं, पण त्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटतात हे नव्हतं. गुजराती, कानडी, कोण कोण शेजारी; सगळ्यांच्या दाराला आमच्या खाजणाचं नवं. वन्सं दुखऱ्या गुडघ्यांनी मजले चढून, दारोदार बेल वाजवून ते मागून आल्या होत्या. आमच्या वाटीपेक्षा त्यांचा डबा कितीतरी मोठा होता. मी तो मांडीवर घेऊन बसले आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना.

रडले, पण फोन नाही केला. माझा ताठा हा असा.

बियाणं भिजवलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि वर दगड ठेवला. मोड येतात की नाही, हीच काळजी. किती उन्हं त्या दारांवर पडलेली, किती धूर बसने सोडलेला! हे दर तासाला फडक्याला हात लावायला जायचे. मी म्हटलं, "बाळंतिणीला तरी एवढं छळत नाहीत." तिसऱ्या सकाळी सोडलं. पांढरे कोंब! सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. ह्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "चहा टाक."

तरवा वर आला तेव्हा चुलतदीर बघायला आले. कमरेवर हात ठेवून उभे. "एवढुशा तरव्यासाठी वाडीनं बांध घालायचा?"

मी तयारच होते तोंड उघडायला, पण त्यांच्याबरोबर आलेल्या जाऊबाई मधेच म्हणाल्या, "आपल्या गोठ्याचं नवं हाय त्यात. पवारनीचं हाय, सुताराचं हाय. आपन दिलेलं कुजवायचं काय?" दिरांनी त्यांच्याकडे पाहिलं, तरव्याकडे पाहिलं आणि "बघू" म्हणून निघून गेले. भांग आला तेव्हा घमेली-फावडी घेऊन सगळ्यांच्या पुढे तेच होते. ज्यांनी तोंड वाकडं करून नवं दिलं होतं, तेही चिखलात उतरले. खिंडार बुजलं.

लावणीला एरवी चिमटीत येतील तेवढी रोपं एका जागी खोचतात. या खेपेला हे एकेक काडी लावत होते. मजुरीच्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "भाऊ, पोरीला कुंकू लावताय काय?" हे आपले वाकून एकेक काडी. कुणगा अर्धा भरला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, आमचा आधार खरोखर काड्यांचाच होता.

गणपतीला वन्सं आल्या नाहीत. आमच्या घराच्या इतिहासात असं झालं नव्हतं. कोकणातलं माणूस गणपतीला घरी येत नाही म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच कळेल. गुडघे दुखतात असा निरोप होता. आरतीच्या वेळी त्यांची जागा रिकामी, टाळ वाजवायला कोणी नाही. मोदक माझ्या ताटात तसाच राहिला.

ऑक्टोबरात पाऊस आला, अगदी ठरल्यासारखा. वरच्या कुणग्यातलं पुन्हा निजलं. खारं उभं राहिलं. एकेका काडीला फुटवे आले होते, आणि अर्ध्या कुणग्यावर कुसळंच कुसळं. खायला पुरेल एवढं नव्हतं, पण बियाणं म्हणून भरपूर होतं. ह्यांनी पहिला भारा कापून ओटीवर आणला, आणि मी हात पुसून फोन लावला.

"वन्सं, परवा पुनव. नवं बांधायला या. मला कुसळं टोचतात."

वन्सं म्हणाल्या, "उद्याच्या गाडीनं येते."

पहिलं नवं त्यांच्या हातून दाराला बांधलं. ह्यांनी स्टूल धरलं. मी आत गेले आणि मे महिन्यापासून बंद असलेल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं. त्या तांदळाची पेज केली. बियाणं खायचं नसतं, पण ते आता बियाणं नव्हतं, अन्न होतं, आणि अन्नावर किती दिवस रुसायचं? तिघंही लोणच्याच्या फोडीशी पेज प्यायलो. वन्संनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "हे तेच ना गो?"

"तेच. पोटभर घाल म्हणाला होतात ना? घ्या, अजून डबाभर आहे."

त्या हसायला गेल्या आणि रडल्या. मी त्यांचा हात धरला. मे महिन्यात धरायचा राहिला होता तो. "मी फार बोलले वन्सं," एवढंच मला म्हणता आलं.

निघायच्या दिवशी ह्यांनी दोन मुड्या बांधल्या. मोठी माळ्यावर गेली. लहान मी वन्संच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"बियाणं. एका घरात ठेवून भागत नाही, ते कळलं आता. एक तुमच्याकडे असू दे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझ्याकडे? माझ्याकडे ठेवतंस गो?"

"तुमच्याकडे. फक्त उकडू नका."

गाडीवाल्याने बॅगा मागच्या डिकीत टाकल्या आणि मुडीलाही हात घातला. वन्संनी ती काढून घेतली. "नाय रे बाबा, ही माझ्याजवळ." गाडी सुटली तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. दोन्ही हात मुडीवर होते, म्हणून त्यांनी आम्हाला हात केला नाही.